शिव्यांची यादी करू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, नाटकात कोणत्या शिव्या चालतील आणि कोणत्या नाही, याची यादी मंडळाच्या बैठकीत करायची म्हणताय. नका करू. सेन्सॉर बोर्डाने २०१५ साली सिनेमांसाठी अशी यादी काढली होती, तीत शिव्यांच्या पंगतीला ‘बॉम्बे’ही बसवलं होतं! ओरड झाली आणि यादी बासनात गेली.

शब्द कोण, कुणाला, कशापायी बोलतंय हे यादीला कळत नाही. तुकोबांच्या गाथेत ‘भले तरी देऊ गांडीची लंगोटी’ आहे, शाळेत मात्र ‘कासेची’ शिकवतात. अर्थ फारसा बिघडला नाही, पण अभंगाचा रांगडेपणा गेला. नामदेव ढसाळांच्या मुंबईतल्या वेश्यावस्तीवरच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला ही कात्री लावली तर हाती काही उरणारच नाही, त्या वस्तीची बोली हीच तिथली कविता आहे.

कोर्टाचंही मत कळवते. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेच्या प्रकरणात सांगितलं की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. शिवी देणाऱ्याच्या मनात तिचा शब्दशः अर्थ नसतो, राग नाहीतर वैताग असतो.

जातिवाचक शिवीचं तसं नाही. अनुसूचित जाती-जमातीतल्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान करणं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. जातीचा माज दाखवायला ती एखाद्या पात्राच्या तोंडी आली, तर तिला नाटकातच उत्तर मिळायला हवं. नुसत्या हशासाठी असेल तर खुशाल काढा, मी तुमच्या बाजूने भांडेन.

आता काम. संहितेत प्रत्येक शिवीखाली पेन्सिलने रेघ ओढा, समासात लिहा: कोण, कुणाला, का. मग वाक्य शिवीशिवाय मोठ्याने वाचा. नुसता हशा गेला तर शिवी गाळा, पात्रच बदलल्यासारखं वाटलं तर ठेवा. पर्यायी शब्द घालताना बोली सांभाळा. मालवणी म्हातारा चिडून ‘नालायक माणसा’ म्हणाला की मध्ये कुणीतरी हात घातलाय हे पहिल्या रांगेलाही कळतं.

हे सगळं उरकल्यावरच संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे पाठवा. नाटक आधी तपासून घेणं मला मुळातच पटत नाही, पण नियम आहे तोवर प्रमाणपत्र लागणारच. खरी गफलत नंतर होते. प्रमाणपत्र मिळतं ते पाठवलेल्या संहितेला. इकडे एका शिवीला टाळी पडली की नट पुढच्या प्रयोगात पदरच्या दोन घालतो, दहाव्या प्रयोगापर्यंत प्रवेशच निराळा होतो, आणि तक्रार आली की निस्तरायला तुम्ही. आई, तालमीला तू बसतेसच, तेव्हा प्रॉम्प्टरच्या वहीत मंजूर प्रतच राहील एवढं बघ. पदरचं वाक्य आलं की तिथल्या तिथे थांबव, नट कितीही मोठा असो.

शिमग्याला अख्खा गाव बोंब मारतो तेव्हा कुणाच्या भावना दुखावत नाहीत, कारण काय ऐकू येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. म्हणून फलकावर ठळक लिहा: ‘प्रौढांसाठी, भाषा शिवराळ.’ जत्रेत पोरं पुढेच येऊन बसतात, त्यामुळे हा प्रयोग उशिराचा ठेवा आणि आधी सोंगी भजन लावा.

दुसऱ्या अंकाची पानं अजून आली नाहीत. स्कॅन नको, फोटो काढून पाठवा.

तुमची,
लेक