लॅब की शेफर्ड हे ठरवायच्या आधी घरातलं वेळापत्रक बघा

संपादक साहेब, नमस्कार

तुमच्या पुरवणीत घरासाठी कुत्रं निवडण्यावर जो लेख आला त्यात लॅब्रेडोर म्हणजे गरीब आणि जर्मन शेफर्ड म्हणजे राखणीचा एवढ्यावरच विषय संपवलाय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. असं वाचूनच लोक पिल्लू घरी आणतात आणि ते मोठं झालं की कोणी नेतंय का बघत बसतात, आणि त्यात त्या मुक्या जिवाचे फार हाल होतात हो.

मुळात दोन्ही कामाची कुत्री आहेत. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंडगार पाण्यात कोळ्यांबरोबर जाळी ओढायचे, पुढे ब्रिटनमध्ये शिकारीत पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणायला ही जात तयार झाली. शेफर्ड १८९९ पासून जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्झ या माणसाने मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून घडवला, म्हणजे दिवसभर कळपाभोवती फिरायचं आणि मालकाच्या इशाऱ्यावर कान ठेवायचा. आता हे रक्त दिवसभर बंद घरात ठेवलं तर लॅब चपला, सोफा, रिमोट जे मिळेल ते तोंडात घेणारच, आणि शेफर्ड पळणाऱ्या पोरांना घेरून टाचांना तोंड लावणार, मग घरचे म्हणणार हा चावरा निघाला. चावरा नाहीये तो, मेंढ्या वळवतोय!

लॅब सोपा असतो हे तर मला अजिबात पटत नाही. स्वभावाने गोड असतो, माणसांत रमतो, मान्य, पण दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत त्याचा पोरकटपणा जात नाही आणि तीस किलोचं कुत्रं प्रेमाने अंगावर उडी मारतं तेव्हा आजी-आजोबा पडू शकतात. शिवाय भूक. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चौथा हिस्सा लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमध्ये बदल सापडला, त्यामुळे ही कुत्री खाण्याच्या जास्त मागे असतात. म्हणजे घरातल्या प्रत्येकाने 'बिचारा बघतोय' म्हणून एक-एक घास दिला की वजन वाढलंच, आणि ते सगळं सांध्यांवर येतं.

शेफर्ड हुशार, शिकवलेलं पटकन घेतो, पण परक्या माणसाला जवळ करायला वेळ लावतो. पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला वेगवेगळी माणसं, मुलं, आवाज, गाड्या दाखवल्या नाहीत तर पुढे तो भित्रा होतो आणि एवढं मोठं कुत्रं घाबरलं की ते धोक्याचं. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन फिरवा पण फिरवाच.

माझं स्पष्ट मत, पहिल्यांदाच कुत्रं पाळताय, घरात लहान मुलं आहेत, पाहुण्यांची ये-जा आहे तर लॅब घ्या, त्यातही दोन वर्षांच्या पुढचा, स्वभाव कळलेला, कोणी दत्तक देत असेल तर उत्तमच. शेफर्ड तेव्हाच घ्या जेव्हा घरातला एक मोठा माणूस ट्रेनिंगची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतो, पोरं करतील म्हणून नाही. आणि दोघांनाही रोज दीड-दोन तास द्यावे लागतात, त्यात नुसता बॉल फेकून भागत नाही, वास घेऊन वस्तू शोधायला लावा, थांब-ये शिकवा, डोकं दमलं की कुत्रं शांत झोपतं. वर्षाच्या आतल्या पिल्लाला मात्र लांब पळवू नका, उड्या मारायला लावू नका, हाडं अजून वाढत असतात.

एक विनंती आहे. हिप डिस्प्लेशिया म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, हा त्रास दोन्ही जातींत भरपूर आहे आणि बऱ्याच अंशी आईबापांकडून येतो. ब्रीडरकडे आईबापांचे खुब्याचे एक्स-रे कसे मागायचे, त्यात काय बघायचं, यावर एखाद्या व्हेटकडून लिहून घ्या आणि पुढच्या पुरवणीत छापा, पिल्लांच्या जाहिराती छापता त्याच पानावर.

तुमचा नेहमीचा वाचक