हिरड्यांतून येणारे रक्त अंगावर काढू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दाढ ठणकली की आपण रात्री-अपरात्री डॉक्टर शोधतो, पण दात घासताना थुंकीत रक्त दिसले तर चूळ भरून कामाला लागतो. उष्णता झाली असेल म्हणून कोकम सरबत प्यायचे, फार तर फार्मसीतून एखादे मलम आणायचे. आमच्या शेजारच्या वहिनींनी हेच केले. मधुमेहाच्या गोळ्या त्या न चुकता घेत, पण हिरड्या कित्येक महिने सुजलेल्या होत्या. दुखत नव्हत्या म्हणून कोणाला सांगितले नाही. चवथीत नेवरी चावताना पुढचा दात हलला, तेव्हा त्या दवाखान्यात गेल्या. तोवर दाताला आधार देणारे हाड बरेच झिजले होते, आणि असे झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही.

हिरड्यांचा आजार असाच गुपचूप वाढतो. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे जंतूंचा चिकट थर साचतो. तो रोज निघाला नाही तर थोड्याच दिवसांत त्याचे कीटण होते आणि मग ब्रश कितीही घासला तरी ते सुटत नाही. आरशात नीट पाहावे. निरोगी हिरडी दाताला घट्ट बिलगलेली असते, दोन दातांमधले तिचे टोक निमुळते असते. आजारी हिरडी लाल, फुगीर आणि चकचकीत दिसते. (आपल्याकडे पुष्कळांच्या हिरड्या मुळातच सावळ्या असतात, तो रोग नव्हे.) या टप्प्यावर कीटण काढून घेतले आणि रोजची सफाई सांभाळली तर हिरड्या पूर्ण बऱ्या होतात. ‘दात साफ केले की सैल होतात’ हा समज मात्र घराघरात आहे. दात आधीच सैल झालेले असतात, कीटण निघाल्यावर ते कळते एवढेच.

दोष नेहमी ब्रशचाच असतो असेही नाही. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येणे अवघड होते. गरोदरपणात हिरड्या सुजतात. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने किंवा फिट्सवरच्या फेनिटोइनने काहींच्या हिरड्या वाढतात. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. घट्ट किंवा ढिली कवळीही हिरडीला घासते.

तंबाखूबद्दल मला फार कळकळीने सांगायचे आहे. गोव्यात गुटख्यावर २००५ सालीच कायद्याने बंदी आली, पण मशेरी आणि तंबाखूचा विडा अजून अनेक घरांत आहे. विडीकाडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार झाकला जातो. रक्त येत नाही म्हणून त्यांनी निर्धास्त राहू नये.

नीट घासूनही आठवडा-दोन आठवडे रक्त थांबत नसेल, हिरडी दातावरून खाली सरकली असेल, पू येत असेल, तोंडाला सतत दुर्गंधी असेल किंवा दात हलत असेल, तर डेंटिस्टकडे जावे. तोंडातला पांढरा चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत गेला नाही तर अजिबात थांबू नये. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. बांबोळीला १९८० साली स्थापन झालेले सरकारी दंत महाविद्यालय आहे.

पण पेडणे, सत्तरी, काणकोणच्या आतल्या वाड्यांवरून बांबोळीला यायचे तर अख्खा दिवस जातो. त्यामुळे आरोग्य खात्याला माझी विनंती आहे की प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासायला येणाऱ्या प्रत्येकाचे तोंड उघडून हिरड्या पाहाव्यात. त्याला दोन मिनिटे पुरतात. वहिनी दर खेपेला रांगेत बसत होत्या, पण त्यांना ‘आ करा’ असे कोणी म्हटले नाही.

आपली,
एक वाचक, डिचोली