सोप्यातली इटालियन

टिळकवाडी, बेळगाव
रविवार दुपार

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मिळाला. मोटारसायकलचा मागचा भाग पार उडवलेला, सीट देवळातल्या पाटासारखी सपाट, आणि खाली तुझं वाक्य, 'अप्पा, अशी करूया?' फोनवर मी 'बघू' म्हटलं. माझं 'बघू' म्हणजे नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. या वेळी तसं नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही आणि आईचा एक कान तिकडेच असतो, म्हणून लिहायला बसलोय.

आधी तुझ्या गाडीची, त्या ड्युकाटी मॉन्स्टरची खबर. पावसाळाभर ती सोप्यातच उभी आहे. चप्पल काढायची जागा तिने खाल्लीय, तरी आई आता काही बोलत नाही. दर गुरुवारी बॅटरीला बारका चार्जर लावतो. चेन रॉकेलच्या फडक्याने पुसून तेल दिलं. टाकी रिकामी केली आणि ते पेट्रोल माझ्या मोपेडमध्ये ओतलं. इटलीच्या घोडीचा खुराक आमच्या गाढवाला. हसू नको, टाकी रिकामी करण्यामागे कारण आहे. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि बेळगावच्या जुलैत हवा म्हणजे पाणीच. तुझी टाकी पत्र्याची नाही, प्लॅस्टिकची आहे. अशा टाक्या इथेनॉलने हळूहळू फुगतात, मग बोल्टाची भोकं जुळत नाहीत. चिकोडीचा मामा कारखान्याला ऊस घालतो, त्या उसाच्या मळीचं इथेनॉल होतं आणि ते येऊन भाचीच्या टाकीवर उठतं. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, 'मग बिल तरी वेळेवर मिळू दे की.'

आता बेल्ट. मागच्या मालकाने ते कधी बदलले याची एकही पावती त्या फायलीत नव्हती. पॉलिशच्या पावत्या मात्र चार! टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करणारा पट्टा, हा रबराचा माणूस आहे, तो नुसता पळून थकत नाही, उभ्या उभ्याही म्हातारा होतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह उघडेच राहतात, वर येणारा पिस्टन त्यांना धडकतो, आणि मग दुरुस्तीच्या खर्चात दुसरी गाडी येईल. म्हणून दोन्ही बेल्ट नवे घातले, आडव्या सिलिंडरचा एक आणि उभ्याचा एक. ताण मोजायची युक्ती गमतीची आहे. बेल्ट बोटाने छेडायचा आणि फोनवर त्याच्या आवाजाची कंपनं मोजायची. फोन एकदा एक आकडा दाखवायचा, एकदा दुसरा. शेवटी आई भजनाहून आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, 'मागचा उतरलाय.' मी रोलर जरासा सरकवला. 'अजून थोडा.' पुन्हा सरकवला. मग फोन लावला तर दोन्ही बेल्ट सारखे. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, पण त्या हवेतलं जे काही होतं ते सगळं तुझ्या आईकडे गेलं. माझ्या वाट्याला मायक्रोमीटर आला.

तो मात्र उपयोगी पडला. व्हॉल्व्ह सेट करायचं काम तुझ्या गाडीत वेगळं आहे, आणि त्याचा जो भाव मोठ्या शहरातल्या एका गॅरेजने तुला सांगितला तो ऐकून माझी झोप उडाली होती. म्हणून मॅन्युअल घेऊन बसलो. इतर गाड्यांत कॅम नावाचा फिरता उंचवटा व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. पन्नाशीच्या दशकातल्या स्प्रिंगा फार वेगात मागे पडायच्या नाहीतर तुटायच्या. ड्युकाटीत फाबिओ ताल्योनी नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी स्प्रिंगेवर भरवसाच ठेवला नाही, व्हॉल्व्ह ओढून बंद करायलाही एक रॉकर, म्हणजे बारकी तरफ, दिला. कल्पना आधीची, मर्सिडीजने रेसच्या मोटारीत वापरलेली. पण १९५६ साली ताल्योनींची १२५ सीसीची गाडी स्वीडनच्या ग्रां प्रीमध्ये उतरली आणि पहिल्याच फटक्यात जिंकली. तेच डोकं अजून तुझ्या इंजिनात आहे. यालाच डेस्मो म्हणतात. चार व्हॉल्व्ह, आठ रॉकर, आणि रॉकर-व्हॉल्व्हमधली फट जुळवायला आठ शिम, म्हणजे मापाच्या चकत्या.

काम असं. प्लग काढायचे, गाडी मागच्या स्टँडवर घ्यायची, टॉप गिअर टाकायचा आणि मागचं चाक हाताने फिरवत पिस्टन टॉपला आणायचा. इथे चूक चालत नाही. बंद करणारी शिम काढली की व्हॉल्व्हला धरून ठेवणारं कोणीच उरत नाही. पिस्टन खाली असेल तर व्हॉल्व्ह घरंगळत सिलिंडरमध्ये जातो, मग हेड उतरवा. ती शिम दोन अर्ध्या रिंगांवर अडकलेली असते. रिंग म्हणजे तांदळाच्या कणीएवढी तार. काढताना खालच्या तेलाच्या भोकात कापडाचा बोळा कोंबायचा, असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला हे वाचून वाटलं, मला काय शिकवता! तिसऱ्या व्हॉल्व्हला टक् असा आवाज झाला आणि अर्धी रिंग गायब. ताई, दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. ऑइल काढलं, गाळून बघितलं, वायरीला चुंबक बांधून भोकाभोकांतून फिरवला. तिसऱ्या दिवशी आई धुणं पिळत होती, तेव्हा माझ्या बनियनच्या ग्रीसमध्ये रिंग चिकटलेली सापडली. तेव्हापासून बोळा आधी, चष्मा नंतर.

मापं घेतली ती निळ्या वहीत आहेत. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत वर सरकतो. त्यामुळे उघडणाऱ्या बाजूची फट कमी होत जाते आणि बंद करणाऱ्या बाजूची वाढते. तुझ्या एका एक्झॉस्टची उघडायची फट फारच कमी झाली होती. ती शिम काचेवर पाणकागद ठेवून तेलात घासली. आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत, दर वीस फेऱ्यांनी माप. चाळीस मायक्रॉन उतरवायला दुपार गेली. उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात नेऊन सरफेस ग्राइंडरवर दोन मिनिटांत झालं असतं, पण तिथली पोरं म्हणाली असती, अण्णा आता मोटारसायकलवाले झाले. बंद करणाऱ्या बाजूच्या दोन शिम बदलाव्याच लागल्या. तिथे जाड शिम लागते आणि पातळ असलेली जाड करायचं मशिन अजून निघालेलं नाही. म्हणून जराशा जास्त जाडीच्या मागवल्या आणि घासून मापाला आणल्या.

आता तुझ्या फोटोकडे येतो. ग्राइंडर लावून मागची फ्रेम कापायची असं तू म्हणतेस. कापायची गरजच नाही, हे फोटोतल्या माणसाने तुला सांगितलं नाही. तुझ्या गाडीची पुढची फ्रेम स्टीलच्या नळ्यांची आहे, त्रिकोण त्रिकोण जोडलेली. मागचा सीटखालचा भाग वेगळा आहे, अॅल्युमिनियमचा, आणि तो बोल्टांनी बसवलाय. बोल्ट काढले की अख्खा भाग हातात येतो. तो तसाच पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवू. त्याच भोकांवर बसेल असा दुसरा मी स्टीलच्या नळीत करून देतो, आधी पुठ्ठ्याचा, मग खरा. उद्यमबागेत नळी वाकवणारे आहेत, टिग वेल्डिंगचा हात चांगला असलेला एकजणही ओळखीचा आहे. सीटचा फोम आणि रेक्झिन खडेबाजारातला आपला कुशनवाला करेल, त्याला फक्त 'सोफ्यासारखं नको' एवढं सांगावं लागतं. चार वर्षांनी तुझं मन बदललं, नाहीतर मागे बसणारं कोणी आलं, तर माळ्यावरचा भाग खाली काढू.

तू म्हणशील, अप्पांना जुन्याचं फार. तसं नाही. मॉन्स्टर मुळात अशीच जन्मली. मिगेल गालुत्सी नावाच्या अर्जेंटिनात जन्मलेल्या डिझायनरने एका मॉडेलची फ्रेम घेतली, दुसऱ्याचं इंजिन घेतलं, तिसऱ्याचा पुढचा फोर्क घेतला, वरची प्लॅस्टिकची झूल काढून टाकली आणि ही उघडीवाघडी गाडी १९९२ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात उभी केली. तुझी मॉन्स्टर ७९५ तर २०१२ मध्ये खास आपल्या आशियासाठी काढलेली. तेव्हा बदल करणं तिच्या रक्तात आहे. माझं भांडण फक्त ग्राइंडरशी आहे.

हँडल खाली घेणार असशील तर घे. उंच घ्यायचं असेल तर ब्रेक आणि क्लचच्या नळ्या पुरणार नाहीत, त्या लांब घ्याव्या लागतील, हे आधी धरून चाल. ड्राय क्लचचा तो खडखडाट तुला हवाय, तो विसर. तुझा क्लच तेलातला आहे, आणि मला तो तसाच आवडतो. पिठाच्या गिरणीसारखा आवाज दारात उभा करून गल्लीला काय दाखवायचं? सायलेन्सरला मात्र मी हात लावू देणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, परवानगीशिवाय गाडीत मूळचं बदलता येत नाही. मागच्या भागासाठीही आधी आरटीओला विचारून घेऊ. रंग बदललास तरी आरसीवर चढवावा लागेल.

आरसीवरून आठवलं. गाडीचा सीमाप्रश्न अजून सुटलेला नाही. एमएच-०९ नंबर घेऊन ती कर्नाटकात राहते. बारा महिन्यांच्या आत नंबर बदलून घ्यायचा असतो, आणि ते दिवस भरत आलेत. त्यासाठी कोल्हापूरची एनओसी, मग इथला टॅक्स, मग केए-२२. त्या एका कागदासाठी मी दोनदा सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून आलो. तिकडे साहेब म्हणाले, 'तुम्ही कर्नाटकचे ना?' इकडे फॉर्म कन्नडात, तो शेजारच्या पाटीलकाकांच्या सुनेकडून भरून घेतला. सत्तरेक वर्षं माणसांचं जे चाललंय तेच आता गाडीचं. तुझी सही लागणार आहे, ती पोस्टाने नको, तू स्वतः ये.

खंडेनवमीला येतेस ना? हत्यारांच्या पूजेत या वेळी मायक्रोमीटरशेजारी तुझी गाडी उभी करायची असं आईने ठरवलंय, झेंडूचा हार हँडलला की हेडलाइटला एवढाच वाद शिल्लक आहे. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन, आंबोलीपर्यंत. मागची सीट तोवर जागेवरच असू दे. आईला बसायचंय.

ऑइल नवीन भरलंय, १५डब्ल्यू-५०. इंजिन एकदा सुरू करून बघितलं, मल्टिमीटर लावला, चार्जिंग चौदा व्होल्टच्या जवळ आहे. गाडी मात्र रस्त्यावर काढलेली नाही. दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत एकदा जाऊन आलो, ते धरायचं नाही.

जेवण वेळेवर करत जा. पैसे लागले तर सांग.

तुझा,
अप्पा

ता. क. येताना अर्ध्या रिंगांची एक जादा जोडी पुण्यातून घेऊन ये. कशाला ते वर लिहिलंच आहे. आणि आईला सांगू नकोस, चौथ्या व्हॉल्व्हलाही एक उडाली होती.