नऊ ही वेळ फक्त त्या दिवसाची होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला हरिहरेश्वरच्या भटकंतीचा लेख वाचला. न्याहारी कुठे करावी, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला कसं उतरावं, सगळं नीट दिलंय. पण समुद्रकाठच्या कातळावरून जाणाऱ्या ज्या प्रदक्षिणेसाठी माणसं मुद्दाम तिथे जातात, तिच्याबद्दल एवढंच की सकाळी नऊच्या सुमारास निघावं. नऊच का? त्या दिवशी त्या वेळी ओहोटी होती म्हणून. आणि ओहोटी हा शब्द अख्ख्या लेखात एकदाही नाही. याची चीड आली म्हणून लिहितो आहे.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे लेखातली मित्रमंडळी ज्या वेळी कोरड्या कातळावर उभी होती, त्याच वेळी पुढच्या आठवड्यात तिथे भरती लागलेली असणार. कोकणात याचा हिशेब तोंडी करतात. पक्ष कुठलाही असो, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीनची भरती, म्हणून ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, सकाळी नऊच्या आसपास. एकादशीला भरतीच सव्वाआठची. हिशेब तासभर इकडेतिकडे होतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टकं पाहावीत. पण तिथी तर तुमच्याच अंकात रोज पंचांगाच्या चौकटीत असते! लेखाखाली एक ओळ द्यायला काय अडचण होती?

प्रदक्षिणेच्या वाटेवर ही ओळ फार मोलाची आहे. घळीतल्या पायऱ्या उतरलं की एका अंगाला डोंगराचा कडा आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये फक्त लाटांनी कापलेला कातळ. बाहेर पडायचं तर पुढे देवळाकडच्या पुळणीवर, नाहीतर मागे त्याच पायऱ्यांनी वर. मध्येच कुठे कडा चढून जाता येत नाही.

माणसं अडकतात ती पाण्याच्या चालीमुळे. ओहोटीनंतर पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी पाव हिस्सा. चढ तीन मीटरचा धरला तर पहिल्या तासात पाऊण फूट पाणी येतं आणि मधल्या दोन तासांत दीड मीटर. पहिला तास बघून वाटतं, अजून खूप वेळ आहे. फोटो काढत बसलेली माणसं तिथेच फसतात. म्हणून पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी खाली उतरावं आणि पाणी फिरलं की परतीला लागावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सगळ्यात लांब मागे जातं, खडपं उघडी पडतात, पण चढतंही तेवढंच जोरात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, ते फारसं मागे हटतच नाही, मग ओहोटी असूनही वाट ओलीच सापडते. पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, तिथी कुठलीही असो, खाली उतरूच नये.

पायात पट्ट्याच्या चपला नकोत. पकड असलेले, पाऊल झाकणारे बूट हवेत. हिरवं शेवाळ दिसतं म्हणून माणूस ते टाळतो. काळ्या ओल्या कातळावरचा बुळबुळीत थर दिसत नाही, पाय तिथे घसरतो. तोल सावरायला हात टेकावा तर कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. समुद्राकडे पाठ करून फोटो तर अजिबात नको.

आता फोटोचा विषय निघालाच आहे म्हणून. तुम्ही तारामासा तळहातावर घेतलेला मुलगा छापलात आणि शेजारी उलटवलेला दगड. त्या दगडाच्या पोटाशी स्पंज असतात, अंडी असतात, लहान कुर्ल्या असतात. दगड उलटा राहिला की हे सगळं पुढची भरती यायच्या आत उन्हात वाळतं, आणि वरचं शेवाळ खाली दबून मरतं. दगड उचलायचाच असेल तर हलकेच, आणि होता तसाच परत ठेवायचा. नक्षीदार निमुळता शंख दिसला तर हात लावू नये. आतला प्राणी जिवंत असेल तर विषारी डंख मारू शकतो. शिवाय प्रवाळ आणि काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, ते पिशवीत भरून नेणं हा गुन्हा आहे. येत्या रविवारी पुरवणीत याची आणि भरतीच्या वेळेची दुरुस्ती छापावी, आणि तीही त्याच पानावर, लेखाइतक्याच ठळक अक्षरांत.

आपला,
एक वाचक, श्रीवर्धन (रायगड)