पॉड पुन्हा भरण्याआधी

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, पॉड (लिक्विडची छोटी कुपी) दुसऱ्यांदा भरला की चव जळकी का लागते आणि तो खिशात गळतो का, हे तू फोनवर विचारलंस. तेव्हा ऑफिसला निघायच्या घाईत होतास, म्हणून नीट लिहून पाठवते. मोबाइलवर याची उत्तरं ढिगाने मिळतात, पण ती अर्धी असतात. पूर्ण समजलं की पॉड भरायची ती सिरिंज तू स्वतःच बाजूला ठेवशील, असं मला मनापासून वाटतं.

पॉडच्या आत फार काही नसतं. लिक्विडची छोटी टाकी, कापसाची वात, वातीभोवती बारीक तारेची कॉइल आणि मधून तोंडाकडे जाणारी नळी. तार निक्रोम किंवा कँथल या मिश्रधातूची, विजेला रोध बहुतेक १ ते १.४ ओहमच्या आसपास. बॅटरी ३.७ व्होल्टची. १.२ ओहमच्या कॉइलला ३.७ व्होल्ट मिळाले की साधारण ११ वॉट उष्णता तयार होते. टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत ती बरीच झाली. ही सगळी उष्णता लिक्विडची वाफ करण्यात खर्च व्हावी, अशी त्याची रचना आहे. लिक्विडमध्ये मुख्यतः दोन द्रव असतात: प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० अंशांना. वात ओली असेपर्यंत कॉइलचं तापमान त्या हद्दीत राहतं. वात कोरडी पडली की उष्णतेला जायला जागा उरत नाही, तापमान एकदम चढतं, कापूस करपतो आणि ग्लिसरीनचं विघटन होऊन अ‍ॅक्रोलिन आणि फॉर्माल्डिहाइड ही विषारी द्रव्यं तयार होतात. कढईत तेल जळालं की डोळ्यांना आणि घशाला जे झोंबतं, त्यात हेच अ‍ॅक्रोलिन असतं. म्हणजे ती जळकी चव नुसती चव नाही. तेव्हा तू ते छातीत ओढतोयस.

आता पॉड भरलेला असूनही हे का होतं, तर लिक्विड नवं असतं, वात जुनीच. गोड चवीसाठी त्यात बहुधा सुक्रालोज घातलेलं असतं. ते वाफ होऊन जात नाही. तारेवर त्याचा काळा, चिकट थर बसतो आणि कापसाचे धागे बुजतात. टाकी काठोकाठ असली तरी बुजलेल्या वातीतून लिक्विड कॉइलपर्यंत वेळेवर पोचत नाही. आंबा, द्राक्ष, कलिंगड अशा गोड लिक्विडांनी कॉइल लवकर मरते ती याच कारणाने. एकामागून एक पफ घेतलेस तर आणखीच लवकर, कारण दोन पफच्या मध्ये वातीला पुन्हा भिजायला वेळच मिळत नाही.

भरल्यावर १० मिनिटं थांबायचं, असं तुझ्या मित्राने सांगितलं. ते नव्या, कोरड्या कापसाला लागू आहे. करपलेला धागा तासभर भिजवला तरी पुन्हा शोषू लागत नाही. गरम पाण्याने किंवा स्पिरिटने धुण्याचंही तसंच. वरचा रंग जातो, तारेवरचा थर राहतो. शिवाय कापूस पाणी धरून ठेवतो, मग पहिल्या पफला तडतड होते आणि गरम थेंब जिभेवर उडतात. स्पिरिट आत राहिलं तर तेही तापून थेट फुफ्फुसात जातं. ही तार शेकडो वेळा तापते आणि थंड होते. अशा वाफेच्या तपासण्यांत निकेल, क्रोमियम आणि शिसं सापडलेलं आहे. तीच कॉइल जास्त दिवस ओढत राहिलास तर हा धोका कमी होणार नाही, एवढं धरून चाल.

गळतीचं कारण वेगळं. बंद पॉडमध्ये लिक्विड वरून सील असतं, हवा आत जायला वाट फक्त वातीतून. लिक्विड खर्च होतं तसा वरच्या जागेत किंचित कमी दाब तयार होतो आणि तोच लिक्विडला खाली वाहू देत नाही. सुरीच्या टोकाने वरचं टोपण उचकटलंस किंवा सिलिकॉनच्या बुचातून सुई घातलीस की ते सील गेलं. बूच परत दाबून बसवलं तरी आधीसारखं घट्ट बसत नाही. उलट दाबताना आतली हवा लिक्विडला वातीतून खाली ढकलते, कॉइल बुडते, ओढताना गुडगुड आवाज येतो आणि तोंडात कडू लिक्विड येतं. काठोकाठ भरलंस तर आणखी वाईट. मे महिन्यात लोकलच्या गर्दीत खिसा तापला की लिक्विड आणि आतली हवा फुगते आणि बाहेर पडायला जागा शोधते. ते खाली बॅटरीच्या टोकांवर जमतं, तिथे हिरवट गंज धरतो आणि मग उपकरण कधी चालतं, कधी नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात अजून एक भर: ग्लायकॉल आणि ग्लिसरीन दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात. जुलैत उघडी राहिलेली बाटली पुढच्या महिन्यात तीच राहत नाही.

पुन्हा भरायचे म्हणूनच बनवलेले पॉड असतात, हे मला माहीत आहे. ब्रिटन आणि युरोपात ते उघड विकले जातात. तिथे टाकी २ मिलिलीटरपेक्षा मोठी चालत नाही, निकोटिनची बाटली १० मिलिलीटरच्या वर नाही, निकोटिन मिलिलीटरला २० मिलिग्रॅमपर्यंतच, आणि झाकण लहान मुलांना उघडता येणार नाही असं. तरीही तिथल्या माणसाला कॉइल एकदोन आठवड्यांत बदलावीच लागते. सिगारेट पूर्ण सोडायला म्हणून तिथली सरकारी आरोग्यसेवा हे सुचवते, तेही खरं. पण बाटलीत काय आहे ते तिथे कोणीतरी तपासलेलं असतं. तुझ्या हातात आलेल्या बाटलीवर मिलिलीटरला ५० मिलिग्रॅम छापलंय म्हणजे आत ५० च आहे, याला आधार काय? आणि ५० खरं धरलं तरी हिशेब कर. २ मिलिलीटरच्या एका पॉडमध्ये १०० मिलिग्रॅम निकोटिन झालं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते दीड मिलिग्रॅम जातं. वाफेतून सगळं शरीरात उतरत नाही, पण घशाला लागत नाही म्हणून किती गेलं ते कळतही नाही. त्या लिक्विडात बेंझोइक आम्ल याचसाठी मिसळतात की इतकं निकोटिन घशाला बोचू नये. ठसका लागला की माणूस थांबतो. तुझा तो ठसकाच काढून घेतलाय.

भरताना हातावर सांडतं, ते कपड्याला पुसून पुढे जाऊ नकोस. निकोटिन कातडीतून आत जातं. लगेच साबण लावून भरपूर वाहत्या पाण्याने धू. मळमळ, घाम, गरगरणं, छातीत धडधड, तोंडाला पाणी सुटणं यातलं काही झालं तर दमणूक म्हणून झोपून जाऊ नकोस. आणि ताई छोटीला घेऊन तुझ्याकडे येते, त्या दिवशी ही बाटली घरातच नको. तिच्यावर फळाचं चित्र आहे आणि आतून गोड वास येतो. मुलाच्या पोटात गेली असं नुसतं वाटलं तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, बाटली हातात घेऊन थेट हॉस्पिटल.

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांना इजा झाली, ते वाचलं असशील. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ माणसं हॉस्पिटलात दाखल झाली किंवा दगावली, त्यातली ६८ गेली. त्यातली बहुतेक गांजाच्या अर्काची, चोरट्या बाजारातली कार्ट्रिज ओढणारी होती आणि संशय ठरला तो लिक्विड दाट करायला घातलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. तुझ्या बाटलीत ते असेलच असं मी म्हणत नाही. कातडीला चालणारी, गोळीतून पोटाला चालणारी वस्तू फुफ्फुसाला चालत नाही, आणि लेबलाशिवाय भरून विकणारा हे बघत नाही, एवढंच त्यातून घे.

कायद्याचंही तुला अर्धवट माहीत आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं सगळं बंद, आणि पूर्ण उपकरणच नव्हे तर त्याचा भागसुद्धा. स्वतः ओढण्याला त्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, हे तू म्हणालास ते बरोबर. पण पहिल्यांदा विकताना सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रूमवरच्या चौघांसाठी तू एकत्र पॉड मागवतोस आणि त्यांच्याकडून पैसे घेतोस, त्याला तू मदत म्हणतोस. कायदा काय म्हणेल याचा विचार कर. हे आजच थांबव.

बॅटरीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे, कारण तू बाबांची सोल्डर गन मागितलीस. एकदाच वापरायच्या व्हेपमधली लिथियमची सेल चांगली दिसते, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून चार्जिंगचं छोटं बोर्ड आणून जोडायचा तुझा विचार आहे. त्या टीपी४०५६ बोर्डावर बहुतेक वेळा १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि ते १ अँपिअरने चार्ज करतं. तुझी सेल असेल ३५० ते ५०० मिलिअँपिअर-तासांची. म्हणजे तिला झेपतं त्याच्या दुप्पट-तिप्पट करंट. रेझिस्टर बदलून १० किलोओहमचा लावला तर करंट १३० मिलिअँपिअरपर्यंत उतरतो, हे खरं. पण फेकलेली सेल आधी किती खाली उतरली होती, ते तुला कळायला मार्ग नाही. फार उतरलेल्या सेलच्या आत तांबं विरघळून पुन्हा भलतीकडे बसतं आणि चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होतो. सेलवर थेट सोल्डर धरला तर आतला पातळ पडदा आकसतो. मग सेल फुगते, आणि फुगलेली सेल पेट घेऊ शकते. ती तुझ्या उशाशी चार्जिंगला लागलेली असेल. नको रे. सोल्डर गन मिळणार नाही.

ज्या जुन्या सेल आहेत त्यांच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लाव, एकमेकींना लागणार नाहीत अशा कोरड्या डब्यात ठेव आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात दे. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नकोस. कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं, आणि तिथे सेल पेटली तर सफाई कामगाराच्या हातापायावर येतं.

आता सोडायचं. सिगारेट कमी करायला म्हणून तू हे धरलंस, आणि आता दोन्ही चालू आहेत. मला राग नाही. पण दोन्ही चालू असतील तर सिगारेटचं नुकसान कमी झालं असं होत नाही.

निकोटिन गमने मोजून उतरता येतं. २ मिलिग्रॅमचं गम नेहमीच्या च्युइंग गमसारखं चघळायचं नाही, इथेच बहुतेक जण चुकतात आणि उचक्या, जळजळ झाली म्हणून सोडून देतात. सावकाश चार-सहा वेळा चाव, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून दे, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चाव. एक गम अर्धा तास. निकोटिन गालातून शोषलं जायला हवं, गिळलेलं पोटात वाया जातं. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नाही, आम्लामुळे शोषण कमी होतं. तुझा ऑफिसचा चहा आणि पफ जोडीने चालतात, म्हणून हे खास लिहिलं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. दिवसात २४ च्या वर कधीच नाही, आणि गम चालू असताना व्हेप नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण जातात. चिडचिड होईल, झोप मोडेल, लक्ष लागणार नाही. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. त्या दिवसांत रूमवर न राहता इकडे ये, वाटलं तर.

तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथे सल्लागार बोलतात. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये व्यसन सोडवण्याचं क्लिनिक आहे, बरोबर यायला मी तयार आहे. गमने भागलं नाही तर पॅच आहे, डॉक्टरांनी द्यायच्या गोळ्याही आहेत.

मला एकच गोष्ट खरी कळव: सकाळी उठल्यावर पहिला पफ किती वेळात घेतोस? अर्ध्या तासाच्या आत असेल तर २ मिलिग्रॅम पुरणार नाही, ४ चं लागेल, आणि त्यासाठी आधी डॉक्टरांकडे जाऊन चिठ्ठी घेऊ. शनिवारच्या आत सांग, म्हणजे त्याप्रमाणे आणून ठेवते.

तुझी,
आई