सकाळच्या पाहुण्यांचे आवाज राज्याने जपावेत

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सोलापूर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी सकाळचा कार्यक्रम करते. आधी अभंग, मग बाजारभाव, हवामान, एस.टी.च्या वेळा आणि त्यानंतर पाहुणा. हा पाहुणा कोणी बडी असामी नसतो. कधी मेंढपाळ, कधी निवृत्त कंडक्टर, कधी पाथरवट, कधी चाळीस वर्षं वारी केलेली आजी. वीसेक मिनिटं ती व्यक्ती बोलते, मी मधूनमधून विचारते. पंचक्रोशी तेवढा वेळ चुलीपुढे, गोठ्यात, टपरीवर ऐकत असते. पत्र लिहिण्याचं कारण हेच बोलणं आहे. ते हवेत विरून जातं आहे, आणि ते धरून ठेवायची यंत्रणा आपल्या विभागाकडे आहे.

आमचा परवाना दिल्लीचा, म्हणजे केंद्र सरकारचा, हे मला ठाऊक आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. तो देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना रेडिओ केंद्र चालवायची मुभा मिळाली. म्हसवडची माणदेशी तरंग, जत तालुक्यात जालिहाळची येरळावाणी, बारामतीची वसुंधरा वाहिनी, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी ही सगळी याच वाटेने उभी राहिलेली केंद्रं. 100 वॅटपर्यंतचा प्रक्षेपक, फार तर 30 मीटरचा मनोरा आणि दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, एवढाच आमचा संसार. त्यात निम्मा मजकूर तरी स्थानिक हवा असा नियम आहे. तो चांगला नियम आहे, आमच्या सकाळच्या पाहुण्याला जागा त्यामुळेच मिळते.

पण त्याच नियमावलीत असंही आहे, की प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने सांभाळून ठेवावा. कोणाची तक्रार आली तर ऐकून बघता यावं, हा त्यामागचा हेतू. तीन महिन्यांनंतर त्या आवाजाचं काय करायचं, याबद्दल कोणाचाही कोणाला आदेश नाही. जाहिरातीचा सरकारी दर 10 सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपये झाला, जाहिरातीची वेळ तासाला 12 मिनिटांपर्यंत वाढली. या सुधारणांमुळे केंद्रांना थोडा श्वास मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पाहुणा मात्र कोणाच्याच हिशेबात नाही.

तो हिशेबात का यायला हवा, हे एका सकाळीवरून सांगते.

घोंगडी विणणारे एक आजोबा आले होते. लोकरीच्या धाग्याला लावायची चिंचोक्याची खळ कशी करतात, असं मी विचारलं. त्यांनी लगेच दोन्ही हात पुढे केले, चिमूट धरली, बोटांवर बोटं घासून दाखवली आणि म्हणाले, "हे असं झालं की झालं." मी म्हटलं, "आजोबा, ऐकणाऱ्याला तुमचे हात दिसत नाहीत हो." ते थबकले. आयुष्यभर हे काम हातांनी केलेलं आणि हातांनीच पोरांना शिकवलेलं. तोंडाने सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. मग हळूहळू सुरुवात झाली. चिंचोके भाजायचे किती, टरफल सुटल्याचा आवाज कसा येतो, भिजवायचे किती वेळ, वाटताना पाणी केव्हा थांबवायचं. खळ बोटाला धरली पाहिजे, पण बोट उचललं की पोळीवरच्या तुपासारखी सरकली पाहिजे. घट्ट झाली तर ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांवर, कुंचा फिरताना लोकर तुटते, पातळ झाली तर धागा उभाच राहत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीचं जावळ असेल तर खळ आणखी हलकी लागते. थंडीत वेगळी, उन्हाळ्यात वेगळी.

कार्यक्रम चालू असतानाच शेजारच्या गावातून एका मावशींचा फोन आला. त्यांच्या माहेरी चिंचोके भाजत नसत, नुसते भिजवत, आणि घोंगडी जास्त टिके असं त्यांचं म्हणणं. आजोबा म्हणाले, "टिकत असंल, पण टोचती." मग दोघांचं जे काही जुंपलं, त्यात मेंढीच्या जातीपासून धुण्याच्या पाण्यापर्यंत सगळं निघालं. मी गप्प बसले, माझं काम तेवढंच होतं.

रेडिओला डोळे नाहीत, म्हणून हातातली विद्या तोंडावर येते. कॅमेऱ्यासमोर आजोबांनी हात दाखवले असते आणि ते पुरलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्या अभ्यासकाने दोन ओळीत 'चिंचोक्याची खळ लावतात' असं लिहिलं असतं. आणि मावशींचा फोन यापैकी कुठेच आला नसता.

दुसरं सांगते बाहत्तरच्या दुष्काळाचं. सरकारदरबारी त्या काळाचे अहवाल आहेत, कोणत्या जिल्ह्यात किती कामं काढली, किती मजूर लागले याचे आकडे आहेत. आमच्याकडे आलेल्या एका आजींनी खडी फोडायच्या कामावरचा दिवस सांगितला. मिलोचं, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीचं, लाल पीठ थापताना कसं चिरायचं, आणि ते चिरू नये म्हणून बायकांनी काय काय युक्त्या काढल्या. सुकडीचं, म्हणजे पौष्टिक आहाराचं, पाकीट लेकरांसाठी मिळायचं, पण ते घरातल्या म्हाताऱ्यांच्या वाटीत कसं जायचं आणि त्यावरून सासवा-सुनांत काय व्हायचं. तान्ह्या पोरांची झोळी बाभळीला बांधलेली असायची, आणि कोणाचंही पोर रडलं तरी जिला पान्हा फुटे ती उठायची. जात विचारायची नाही, असा कामावरच्या बायकांनी आपसांत केलेला ठराव होता. तो ठराव काम संपल्यावर गावात टिकला का, असं मी विचारलं. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "न्हाय टिकला. पर आमच्या आमच्यात टिकला."

मंत्री महोदय, रोजगार हमीचा कायदा ज्या अनुभवातून पुढे आला, त्या अनुभवाची ही साक्ष आहे. त्या वेळी वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरीच्या पुढे आहे. ही माणसं आणखी दहा वर्षांनी बोलायला नसतील, हे बोलताना आवाज जड होतो, पण हिशेब सरळ आहे.

आता आपले अधिकारी विचारतील, की केंद्रांनी स्वतःच हे जपून का ठेवलं नाही? जागेचा प्रश्न नाही, हे मी मान्य करते. चांगल्या प्रतीचं एका तासाचं मोनो ध्वनिमुद्रण साधारण 320 एमबी होतं. रोज 20 मिनिटं आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 100 तास, म्हणजे सुमारे 32 जीबी. 64 जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये एका केंद्राचं अख्खं वर्ष मावून वर जागा उरते. खर्च काही शे रुपयांचा.

प्रश्न माणसाचा आहे. थेट प्रसारण दिवसभराच्या सलग नोंदीत गाण्या-जाहिरातींसकट अडकलेलं असतं. त्यातून पाहुण्याचा भाग वेगळा काढायचा, ऐकायचा, नाव-गाव-विषय लिहायचा, बोलणाऱ्याची संमती घ्यायची, त्या बोलीतले नवखे शब्द टिपून ठेवायचे, याला दिवसाचे दोन-तीन तास लागतात. छोट्या केंद्रावर जी मुलगी निवेदन करते, तीच संकलन करते, तीच वीजबिल भरायला जाते आणि तीच जाहिरातीसाठी दुकानं पालथी घालते. वेगळं काढून ठेवलेलं जे असतं, त्याची नावंही 'पाहुणा मंगळवार', 'पाहुणा नवीन', 'पाहुणा नवीन 2' अशी. ज्या मुलीला हे कळतं, तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली की ती फाइल असून नसल्यासारखी. केंद्र बंद पडलं तर संगणकासकट सगळं जातं.

दुसरा प्रश्न हमखास येतो: यूट्यूबवर टाका ना! काही मुलाखती आम्ही टाकतो, ज्यांना चालतं त्यांच्या. पण सगळं टाकता येत नाही, आणि ते का, हे मला नीट सांगू द्या. एका सुईणीने बाळंतपणाच्या जुन्या गोष्टी सांगितल्या. तिला ठाऊक होतं की ऐकणाऱ्या बायका आपल्याच आहेत, निम्म्या तिच्याच हातावर जन्मलेल्या. त्या भरवशावर ती मोकळी झाली. तोच आवाज जगभर कोणीही तोडून-मोडून वापरणार असेल, तर ती त्यातलं अर्धंही बोलली नसती, आणि तिचं बरोबरच आहे. काही बोलणं सगळ्यांसाठी, काही फक्त अभ्यासकांसाठी, काही बोलणाऱ्याच्या हयातीनंतर खुलं करायचं, अशी पायरी लागते. ती पायरी राखणं खासगी कंपनीच्या व्यासपीठाला जमत नाही, ते अभिलेखागाराचं काम आहे. आणि महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय आपल्याच विभागात आहे. पेशव्यांच्या दफ्तरातला मोडी कागद जपण्याची शिस्त ज्या खात्याने पिढ्यान् पिढ्या राखली, त्याच्याकडे मी हे मागते आहे.

आणि हे महाराष्ट्राला नवं नाही. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने राज्याच्या लोकसाहित्य समितीने गावोगावची गाणी-कहाण्या गोळा केल्या, छापल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ही कामं झाली तेव्हा माणसांना गावोगाव जावं लागलं, टेप वाहून न्यावी लागली. आज परिस्थिती उलटी आहे. माणसं स्वतःहून रोज सकाळी आमच्या केंद्रांवर येत आहेत, माइक लागलेला आहे, मुद्रण चालू आहे. फक्त पुढचं पाऊल टाकणारं कोणी नाही.

म्हणून माझी विनंती अशी. पुराभिलेख संचालनालयात सामुदायिक रेडिओसाठी एक ध्वनी-विभाग सुरू करावा. राज्यातल्या सगळ्या केंद्रांसाठी नोंदीचा एकच साधा तक्ता ठरवावा: बोलणाऱ्याचं नाव, गाव, वय, विषय, बोली, तारीख आणि संमती कुठवरची. दर तीन-चार केंद्रांमागे एक पगारी नोंदणीकार नेमावा, तो त्याच भागातला असावा, कारण बाहेरच्याला आमच्याकडची वडारी, कैकाडी किंवा कन्नडमिश्रित मराठी कळणार नाही आणि तो तेवढा भाग गाळून टाकील. वर्षातून एकदा केंद्राने आपला साठा द्यावा, संचालनालयाने पोच द्यावी, एक प्रत जिल्ह्याच्या ठिकाणी राहावी, जेणेकरून पाहुण्याच्या नातवंडांना मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत. मूळ हक्क बोलणाऱ्याचा आणि केंद्राचा राहील, हे लेखी असावं. या शेवटच्या मुद्द्यावर तडजोड नको. आमच्या आजींच्या आवाजावर उद्या कोणी जाहिरात बनवली, तर त्यांच्या घरच्यांना दाद मागायला कागद हवा.

आणि मानधन. आकाशवाणीवर कार्यक्रम करणाऱ्याला पूर्वीपासून मानधन मिळतं. आमचा पाहुणा चहा पिऊन जातो, फार तर आम्ही एस.टी.चं भाडं देतो. सकाळी केंद्रावर आलेल्या शेतमजूर बाईची त्या दिवशीची हजेरी बुडते, पाथरवटाचं गिऱ्हाईक जातं. ज्यांचं बोलणं अभिलेखागारात जाणार आहे, त्यांना निदान शेतातल्या एका दिवसाच्या मजुरीएवढी रक्कम राज्याने द्यावी. ही रक्कम उपकार म्हणून नको, शाहिराला किंवा तबलजीला देतो त्याच हक्काने द्यावी.

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या दिवशी आमच्या केंद्रावरही पेढे वाटले गेले. त्या निमित्ताने जुन्या ग्रंथांसाठी, शिलालेखांसाठी, संशोधनासाठी जे काही होईल ते व्हावंच. त्याच यादीत आज बोलल्या जाणाऱ्या मराठीला ओळ मिळावी, एवढं म्हणणं आहे.

एक बारीकशी गोष्ट राहिली, ती धोरणात बसेल की नाही माहीत नाही, तरी लिहिते. थेट कार्यक्रमात बोलणारा पाहुणा स्वतःचा कार्यक्रम कधीच ऐकत नाही, कारण त्या वेळी तो आमच्यासमोर बसलेला असतो. म्हणून आम्ही दुपारी पुनःप्रसारण करतो. त्या वेळी त्या घरी रेडिओभोवती अख्खी गल्ली जमते. आपला आवाज कसा आहे हे सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलेली माणसं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगतात, की अमुक गोष्ट राहून गेली, पुन्हा येऊ का? पुन्हा आलेल्या पाहुण्याचं बोलणं पहिल्यापेक्षा नेहमी सरस असतं. अभिलेखागारासाठी मुद्रण करायचं ठरलं, तर प्रत्येकाला दुसऱ्यांदा बोलवण्याची तरतूद ठेवा.

पुढच्या अर्थसंकल्पाची तयारी सुरू होण्याआधी आपण संचालनालयाचे अधिकारी आणि राज्यातल्या केंद्रांचे प्रतिनिधी यांची एक बैठक लावावी. तक्त्याचा कच्चा मसुदा आम्ही करून आणू. नमुना म्हणून आमच्याकडचे जे काही आवाज शिल्लक आहेत, तेही संमतीसह घेऊन येऊ.

आपली,
सामुदायिक रेडिओवरची एक निवेदिका,
जि. सोलापूर