कागदाचे वजन आणि दहा वर्षांची सक्तमजुरी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सायकेडेलिक, म्हणजे भास आणि बदललेली जाणीव घडवणाऱ्या, द्रव्यांवर आपल्याकडे बोलणे निघाले की ते हमखास दोन टोकांना जाते. एका टोकाला सोमवल्ली, समाधी आणि आत्मसाक्षात्कार. दुसऱ्या टोकाला पार्ट्या, छापे आणि वाया गेलेली पिढी. या गदारोळात तराजूकडे कोणी बघत नाही. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली एलएसडी या अशाच एका द्रव्याच्या खटल्यात आरोपीचे काय होणार हे बरेचसे तोच ठरवतो, आणि तो भलतीच वस्तू तोलतो आहे.

1985 च्या या कायद्यात 2001 साली दुरुस्ती झाली आणि शिक्षा मालाच्या प्रमाणावर ठरू लागली. त्याच वर्षीच्या 19 ऑक्टोबरच्या अधिसूचनेत एलएसडीचे अल्प प्रमाण 0.002 ग्रॅम आणि व्यावसायिक प्रमाण 0.1 ग्रॅम धरले आहे; म्हणजे 2 आणि 100 मिलिग्रॅम. एलएसडीची एक मात्रा साधारण 100 मायक्रोग्रॅमची, म्हणजे 0.1 मिलिग्रॅमची. शुद्ध द्रव्याचा हिशेब धरला तर अल्प प्रमाण सुमारे 20 मात्रांचे आणि व्यावसायिक सुमारे 1000 मात्रांचे होते. अशी मर्यादा कुणालाही पटेल.

पण शुद्ध एलएसडी खिशात घेऊन कोणी फिरत नाही. शाई टिपायच्या कागदासारखा शोषक कागद द्रावणात भिजवून वाळवतात आणि त्याचे छोटे चौकोन पाडतात. ‘ब्लॉटर’ किंवा नुसते ‘पेपर’ म्हणतात ते हेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 1991 साली गाजलेल्या चॅपमन खटल्यात 1000 मात्रांच्या अशा कागदाचे वजन 5.7 ग्रॅम भरले होते आणि त्यात एलएसडी होते फक्त 50 मिलिग्रॅम. म्हणजे एक चौकोन 5.7 मिलिग्रॅमचा आणि त्यातले द्रव्य 0.05 मिलिग्रॅम.

हाच कागद आपल्या तराजूत टाकून पाहा. एकच चौकोन अल्प प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट भरतो. त्याबरोबर कलम 22 खालची शिक्षेची कमाल मर्यादा एका वर्षावरून थेट दहा वर्षांवर जाते. अल्प प्रमाण बाळगणाऱ्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार पत्करले तर कलम 64अ त्याला खटल्यातून सूट देते. चौकोनाचे वजन अल्प प्रमाणापलीकडे गेले की ते दारही बंद. 18 चौकोन झाले की वजन 102.6 मिलिग्रॅम, म्हणजे व्यावसायिक प्रमाण: किमान दहा, कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड. शिवाय कलम 37 लागते. आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याखेरीज जामीन नाही.

सीमारेषेवर तर याची गंमतच होते (ज्याच्यावर खटला आहे त्याला ती वाटणार नाही). कागद हवेतला ओलावा ओढून घेतो. 17 चौकोनांचे कोरडे वजन 96.9 मिलिग्रॅम. त्यात फक्त चार टक्के ओलावा वाढला की ते 100.8 होते आणि शिक्षा बदलते. जप्ती मेमध्ये आणि वजन जुलैत झाले, तर दहा वर्षांचा निकाल पावसावर. वजनकाटा मिलिग्रॅमपर्यंत अचूक नसेल तर पंचनाम्यातल्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही, कारण 0.01 ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्याला 0.002 ग्रॅमची मर्यादा दिसतच नाही.

एलएसडी साखरेच्या खड्यावरही घालतात. दोन ग्रॅमच्या खड्यावर एकच मात्रा असली तरी तो व्यावसायिक प्रमाणाच्या वीसपट. उलट, शुद्ध एलएसडीचे 99 मिलिग्रॅम, म्हणजे हजाराला दहाच मात्रा कमी, बाळगणारा मात्र व्यावसायिक प्रमाणाच्या शिक्षेतून सुटतो. घाऊक विक्रेत्याला सवलत आणि साखरवाल्याला किमान दहा वर्षे! मिठाई खोक्यासकट तोलली तर वैधमापनवाले दुकानदाराला धरतात. इथे खोक्याचीच शिक्षा होते.

हे आले कुठून? सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ई. मायकेल राज खटल्यात फक्त शुद्ध द्रव्याचे वजन धरा असे सांगितले. त्यावर 18 नोव्हेंबर 2009 च्या अधिसूचनेने या मर्यादांच्या कोष्टकाला टीप 4 जोडली गेली: मर्यादा संपूर्ण मिश्रणाला लागू, केवळ शुद्ध अंशाला नव्हे. 22 एप्रिल 2020 रोजी हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही टीप उचलून धरली आणि आधीचा निकाल रद्दबातल ठरवला. हेरॉइनच्या भुकटीपुरता हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. भेसळ करूनच ती विकली जाते आणि भेसळीसकट शरीरात जाते. शिवाय हेरॉइनच्या मर्यादा 5 आणि 250 ग्रॅम अशा ऐसपैस आहेत. एलएसडीच्या मर्यादा मिलिग्रॅममध्ये आहेत आणि तिथे कागदासारखा वाहक मूळ द्रव्यापेक्षा शंभरपट जड असतो. मुंबई उच्च न्यायालयात एका निकालाने कागद वगळला होता. 2021 मध्ये त्याच न्यायालयाने कागद हा एलएसडीचा अविभाज्य भाग ठरवला. केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये जामीन देताना मात्र म्हटले की मॅजिक मशरूम हे मिश्रण नव्हे, त्यातल्या सायलोसिबिन या सायकेडेलिक द्रव्याचाच विचार व्हायला हवा. अळंबीला जे लागू ते कागदाला का नाही, याचे समाधानकारक उत्तर मला तरी सापडत नाही.

नमुने घेण्याच्या नियमांतही एलएसडीचा विचार झालेला दिसत नाही. 2022 च्या नियमांनुसार अफू, गांजा आणि चरस सोडून इतर द्रव्यांचा नमुना किमान 5 ग्रॅमचा. वरच्या हिशेबाने 5 ग्रॅम कागद म्हणजे 870 हून अधिक चौकोन. घटनास्थळी वापरायचे एर्लिक अभिकर्मक एलएसडीवर जांभळे होते, पण किती आहे ते सांगत नाही आणि एलएसडी म्हणून खपवल्या जाणाऱ्या, जीवघेण्या ठरलेल्या एनबोम द्रव्यांवर तो रंगच येत नाही. मात्रा मोजायला प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफी (घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) लागते. टीप 4 मुळे ती करण्याची गरजच उरलेली नाही.

आता अध्यात्माविषयी. या द्रव्यांनी येणारा अनुभव खोटा असतो असे मी म्हणणार नाही. 1962 च्या गुड फ्रायडेला बोस्टनमध्ये वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या 20 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. 10 जणांना सायलोसिबिन दिले आणि त्यातल्या बहुतेकांनी गूढानुभव सांगितला. पण त्यातल्या एकाला आवरण्यासाठी शामक इंजेक्शन द्यावे लागले होते, हे संशोधक रिक डॉब्लिन यांच्या 1991 च्या पाठपुराव्यातून बाहेर आले. मूळ प्रबंधात त्याचा उल्लेख नव्हता. साक्षात्काराचे दाखले देणाऱ्यांनी हे इंजेक्शनही सांगावे. लिथियम हे मनोविकारावरचे औषध घेणाऱ्यांना एलएसडीने झटके येऊ शकतात, हेही.

शिवाय श्रद्धेच्या वाटेने कायद्यात सूट मिळायची नाही. 1971 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील कलम 32(4) फक्त रानात उगवणाऱ्या वनस्पतींना आणि त्या परंपरेने विधीत वापरणाऱ्या छोट्या, निश्चित समूहांना जागा देते. एलएसडी 1938 मध्ये प्रयोगशाळेत जन्मले. आपल्या कायद्याने भांगेचे पान व्याख्येबाहेर ठेवले, ती सवलत पानापुरतीच. सोमवल्ली नेमकी कोणती यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. तिच्या नावाने न्यायालयात काय मागणार?

मागायचे असेल तर साधी गोष्ट मागावी. अमेरिकेच्या शिक्षा आयोगाने 1993 मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत कागद तोलणे सोडून प्रत्येक मात्रा 0.4 मिलिग्रॅम धरायला सुरुवात केली. तिथल्या काँग्रेसने (संसदेने) किमान शिक्षेचा कायदा बदलला नाही, म्हणून तिथे काम अर्धेच राहिले. आपल्याकडे या मर्यादा केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ठरतात. संसदेत विधेयक आणावे लागत नाही. तोच आकडा घेतला तर 2 मिलिग्रॅम म्हणजे पाच चौकोन आणि 100 मिलिग्रॅम म्हणजे अडीचशे. टीप 4 मध्ये ‘कागद, साखर वा तत्सम वाहकावरील एलएसडी मात्रांच्या संख्येने मोजावे’ एवढे वाक्य आणि नमुन्याच्या नियमात 5 ग्रॅमऐवजी चौकोनांची संख्या, एवढ्या दोन दुरुस्त्या पुरतील. विक्रेत्याला त्यातून सूट मिळत नाही. 251 वा चौकोन त्याला दहा वर्षांसाठी आत पाठवेलच.

आपला,
एक वाचक